तिसरी तार

श्रावणांतली गोष्ट. स्वयंपाकघरांत फळी बसवावयाची म्हणून धाकटा पुतण्या भिंतीला भोंकें पाडीत होता. ड्रिल आमचें जुनें, धातूच्या कवचाचें. फरशी ओली, पाय अनवाणी. एकाएकीं तो ओरडला. यंत्र हातांतून सुटेना. आमच्या सौभाग्यवतींनीं प्रसंगावधान राखून भिंतीवरचें बटण बंद केलें म्हणून पोर वांचलें. वायरमननें यंत्र उघडलें आणि शांतपणें विचारलें, “मास्तर, तिसरी तार कोठें आहे?”

उत्तर ठाऊक होतें, परंतु जीभ रेटेना. गेल्या वर्षीं जुनी तार खराब झाली तेव्हां घरांत पडलेली पंख्याची दुपदरी तार मींच बसविली होती. यंत्राच्या तोंडाशीं ती घासून उघडी पडली, वीज कवचांत उतरली, आणि तिला जमिनीकडे नेणारी वाट मींच बंद करून ठेविली होती. चार पैसे वांचविण्याचा हा पराक्रम! वाचकांच्या घरीं असें न घडावें म्हणून त्या दिवशीं शिकलेला धडा येथें देतों.

पहिली गोष्ट पदरांची. कवच धातूचें असेल तर तीन पदर हवेतच, तिसरा अर्थिंगचा. यंत्रावरील नांवाच्या पट्टीवर चौकोनांत चौकोन अशी खूण असेल तर त्याचें विद्युत्-आवरण दुहेरी असतें. अशाच यंत्राला दोन पदर चालतात.

दुसरी जाडीची. पट्टीवरील वॅटच्या आंकड्यास २३० नें भागावें, म्हणजे अँपिअर निघतात. ६०० वॅटच्या ड्रिलला सुमारें २.६ अँपिअर लागतात. ६ अँपिअरपर्यंत ०.७५ चौरस मिलिमीटर, १० पर्यंत १ आणि १६ पर्यंत १.५ अशी तांब्याची तार घ्यावी. फार लांब हवी असल्यास एक पायरी जाड घ्यावी.

तिसरी लवचीकपणाची. भिंतींतल्या जोडणीची ताठ तार वारंवार वांकविली कीं आंतल्या आंत तुटते. ०.७५ च्या लवचीक तारेच्या प्रत्येक पदरांत ०.२ मिलिमीटर जाडीचे २४ बारीक तंतू असतात. वरून गोल, सलग वेष्टण असावें. घरकामास पीव्हीसीचें वेष्टण पुरतें; परंतु तें थंडींत ताठरतें आणि तापलेल्या वस्तूला लागलें तर वितळतें. अंगणांत, खडीवर ओढावयाची तार रबराची घ्यावी. आयएसआयची खूण पाहूनच पैसे द्यावे.

बसवितांना आधीं प्लग काढावा. तोंडाशीं रबरी नळी असावी आणि आंतील पकड बाहेरच्या वेष्टणावर आवळावी, म्हणजे ओढ पदरांवर येत नाहीं. अर्थिंगचा पदर किंचित् लांब ठेवावा. तार उपटलीच तर तो सर्वांच्या शेवटीं सुटला पाहिजे. तपकिरी पदर फेजचा, निळा न्यूट्रलचा, हिरवा-पिवळा अर्थिंगचा; जुन्या तारेंत लाल, काळा व हिरवा. भिंतींतील अर्थिंग खरोखर जोडलेलें आहे कीं नाहीं, हेंही वायरमनकडून तपासून घ्यावें.

तुटलेल्या तारेला चिकटपट्टी गुंडाळून जोड देण्याचा मोह होतो. जन्मभर मुलांना संधि शिकविला. तो व्याकरणांत शोभतो, विजेच्या तारेंत नव्हे. फळी आतां भिंतीवर आहे. तिच्याकडे दृष्टि गेली कीं वायरमनचा प्रश्न अजून कानीं येतो.