बल्ब पेटला, पण फोटोपुरताच? शाळेतल्या शनिवारच्या उपक्रमांचं नेमकं काय चाललंय

शनिवार आला की गावच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो पडायला लागतात. पोरांच्या हातात कागदी फुलं, मातीचे बैल, कधी सेलवर पेटवलेला बल्ब. आपण अंगठा दाखवून पुढे जातो. पण फोटोत बल्ब धरणारं पोर एकच असतं आणि बाकीचे वीस-पंचवीस मागे उभे असतात, हे कुणी बघतं का?

सरकारने २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आणला. त्याआधी २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना, गावातल्या सुतार, कुंभार, माळी अशा कारागिरांकडे शिकायला पाठवायचं म्हटलंय. कल्पना चांगलीच आहे. अडचण वेगळीकडे आहे.

विजेचंच घ्या. राज्य मंडळाच्या आत्तापर्यंतच्या पुस्तकांत सहावीला चुंबकाची गंमत, सातवीला स्थितिक विद्युत, आणि सेल-वायरचं सर्किट म्हणजे धाराविद्युत थेट आठवीला. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा चौथी-पाचवीलाच संपतात. म्हणजे पोरगं गावच्या शाळेत असेपर्यंत वीज पुस्तकात येतच नाही. घरी मात्र तेच पोरगं आठ-नऊ वर्षांचं झालं की बाप म्हणतो, “जा रे, मोटर चालू करून ये.” रात्रीची लाईट, ओला बांध, पायात चप्पल असेल-नसेल, आणि पत्र्याच्या पेटीत तीन फेजचा स्टार्टर. शॉक लागून माणूस गेल्याची बातमी दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या तालुक्यातून येतेच.

म्हणून हा तास नुसता गंमत म्हणून घ्यायचा नाही. दोन पेन्सिल सेल एकामागे एक जोडले की तीन व्होल्ट होतात, त्यावर पांढरा एलईडी लागतो. उलटा जोडला तर लागत नाही, लांब पाय प्लसकडेच हवा. हे पोराला स्वतः चुकून कळलं पाहिजे, सरांनी फळ्यावर काढून नव्हे. पुढे तीन सेल आणि लाल एलईडी घेऊन मध्ये मिठाच्या पाण्याची वाटी ठेवली, वायरची टोकं त्यात बुडवली, तर एलईडी मिणमिणतो. पाण्यातून वीज जाते, हे डोळ्यांनी दिसलं! ओल्या हाताने बटण का दाबायचं नाही, याचं उत्तर त्या वाटीत आहे. तीन-चार पोरांच्या गटाला हे सामान चहा-वड्याच्या पैशात येतं. एकच नियम सक्तीचा : प्रयोग फक्त सेलवर, भिंतीतल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला हात नाही. (कितीतरी शाळांचं मीटर थकीत बिलापायी तोडलं गेलंय, पण सेलला मीटर लागत नाही.)

आता सहल. एसटी शालेय सहलीला भाड्यात ५० टक्के सवलत देते, तरी मजुराच्या घरात तेवढेही पैसे निघत नाहीत आणि तेच पोर मागे राहतं. शिवाय फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या समुद्रात पुण्यातल्या कॉलेजचे १४ विद्यार्थी बुडाले, त्यानंतर परवानग्या-हमीपत्रांचे नियम कडक झाले. ते व्हायलाच हवं होतं. पण दोन शिक्षकी शाळेतला गुरुजी सहलीचं नाव काढायलाच घाबरतो, आणि मला त्यात त्याची चूक दिसत नाही.

मात्र सहल म्हणजे समुद्र किंवा किल्लाच कशाला? बाजारपेठेतलं मोटर रिवायंडिंगचं दुकान चालत जाण्याच्या अंतरावर असतं. जळालेल्या मोटरीतून काळी पडलेली तांब्याची वायर काढताना पोरांनी एकदा बघितली, की मोटर का जळते हे सांगावं लागत नाही. कुणाच्या तरी शेतात सौर पंप आहेच, ढग आला की पाण्याची धार बारीक होते. महावितरणचं उपकेंद्र परवानगी घेऊन कुंपणाबाहेरून दाखवता येतं. पुणे जिल्ह्यात पाबळचा विज्ञान आश्रम १९८३ पासून हाताने काम करत शिकवतोय, तेव्हा हे खेड्यात जमत नाही असं कुणी म्हणू नये.

मग अडतं कुठे? गुरुजीच्या वेळेवर. ऑनलाइन माहिती, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं, आणि त्यात उपक्रमाचा फोटो टाकायची घाई. वरून विचारणा फोटोची होते, पोराला काय समजलं याची होत नाही. जे विचारलं जातं तेच केलं जातं.

इथे आपला नंबर लागतो. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि ५० टक्के महिला असतात. बहुतेक ठिकाणी सही घरी येऊन घेतली जाते, बैठक कागदावरच. पुढच्या बैठकीला खरोखर जा. सेल-वायरला पैसे कुठून देता येतील ते विचारा, बाहेर नेताना सोबत दोन पालक देऊ असं सांगा. आणि त्या दिवशी घरी आल्यावर पोराला स्टार्टरच्या पेटीपाशी न्या, हात न लावता, आणि त्याला काय काय समजलंय ते त्याच्याच तोंडून ऐका.