डॉलरचं वतन

काले कॉलनीत, म्हणजे सरकारी कागदावरच्या पवनानगरात, आमच्या घरी एच-वन-बीचं सुतक आहे. माझा मावसभाऊ हिंजवडीत कोड लिहितो. मार्च २०२६ला तुझं नाव लॉटरीत टाकू, म्हणणारा त्याचा साहेब १९ सप्टेंबर २०२५नंतर मुका झाला. त्या दिवशी ट्रम्पने हुकूम काढला : अमेरिकेबाहेरून या व्हिसावर नवा माणूस आणायचा तर मालकाने १ लाख डॉलर मोजावेत. तेव्हाच्या भावाने ८८ लाख रुपये. मावशी म्हणाली, "एवढ्यात अख्खी आळी उभी राहील रे!"

पेपरवाले छाती बडवतायत, भारतीय बुद्धीवर अन्याय झाला म्हणून. च्यायला, ही भारतीय बुद्धी म्हणजे नेमकी कुणाची? १९७२ला पवना धरण झालं. माझ्या आज्याने त्या भिंतीवर माती वाहिली. गावं बुडाली, पाणी पिंपरी-चिंचवडच्या नळाला गेलं. त्या पाण्याची बंद पाइपलाइन नको म्हणून ९ ऑगस्ट २०११ला मावळातले शेतकरी बऊरला रस्त्यावर उतरले. पोलिसांच्या गोळीने तिघं मेले. आज छाती बडवणारे तेव्हा कुठं होते?

मी भावाच्याच बाजूचा. त्याने जावं, बक्कळ कमवावं. पण नुसतं फीचं रडगाणं गाऊ नका. कागद कुणाच्या हातात आहे ते बघा. १९९०च्या अमेरिकन कायद्यातून हा व्हिसा आला. वर्षाला ६५ हजार जागा, तिथलीच वरची पदवी असलेल्यांना आणखी २० हजार. बहुतेक आपल्याच देशातले घेतात. पण अर्ज माणूस करत नाही, मालक करतो. मुदत तीन वर्षांची, ताणून सहा. नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस. तेवढ्यात दुसरा मालक शोध, नायतर बायकापोरांसकट बोचकं बांध. मालक बदलता येतो, नाही असं नाही. पण खुंटा बदलला तरी दावं गळ्यातच. मग कमी पगारावर, जादा तासांवर तोंड कोण उघडणार?

आपल्याला हे वळखीचं वाटत नाही? महार वतन काय होतं? तुकडाभर जमीन आणि त्यापायी चोवीस तास सरकारची बिगार. बाबासाहेबांनी १९२८ला मुंबई कौन्सिलात त्याविरुद्ध बिल आणलं. वतन कायद्याने जायला १९५८ उजाडलं. वतनाच्या तुकड्यासाठी भांडणारे आपलेही होते. पगाराच्या आकड्याने माझा भाऊ आज तसाच दिपलाय. आकडा मोठा आहे, म्हणून दावं दिसत नाही.

आणि विमानात जात मागे राहत नाही. ३० जून २०२०ला कॅलिफोर्निया सरकारच्या खात्याने सिस्को कंपनीवर आणि दोन भारतीय वरिष्ठांवर दावा लावला. दलित इंजिनियरला जातीवरून छळलं, असा आरोप. कंपनीने तो नाकारला. २०२३ला खात्याने त्या दोघांना दाव्यातून वगळलं, कंपनीवरचा दावा ठेवला. त्याच वर्षी सिएटल शहराने जातभेदावर बंदी घातली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही बिल पास केलं, पण गव्हर्नर न्यूसमने ऑक्टोबरात ते परत पाठवलं. त्या बिलाविरुद्ध तिथली हिंदू मंडळं उभी होती. आता विचार करा. वरिष्ठ आपल्या देशातला, आडनाव हुंगणारा. तक्रार केली तर नोकरी जाईल, नोकरीमागून व्हिसा. ६० दिवसांत कोर्टाची पायरी चढायची की मालक शोधायचा?

म्हणून आपली मागणी वेगळी पाहिजे. व्हिसा मालकाच्या नव्हे, राबणाऱ्याच्या मुठीत द्या. जातीचा छळ तिथल्या कायद्यात नाव घेऊन लिहा. आणि इथं? हिंजवडीच्या खाजगी कंपन्यांत आपल्याला राखीव जागा नाहीत. लॉटरीच्या दारापर्यंत आपले पोचतातच किती? त्याचा जाब ट्रम्पला नाही, इथल्याच सरकारला विचारायचाय.

भावाला मी एवढंच म्हणालो, "दार उघडलं तर जा. पण दाव्याला दागिना म्हणू नकोस." तो काही बोलला नाही. मोबाइल पालथा ठेवला आणि धरणाकडे बघत बसला.