वयाची अट सरकारनं काढली, आपण कधी काढणार?

आमच्या गावातल्या शैक्षणिक ट्रस्टच्या अर्जावर पाचवी अट अशी आहे : अर्जदाराचं वय २५ वर्षांपेक्षा जास्त नसावं. ही अट मी लिहिली आहे.

२०१८ च्या रमजाननंतर ट्रस्टच्या बुजुर्गांनी मला बोलावलं. 'इंजिनिअरसाहेब, पुण्याला बसून सगळ्या जगाचं सॉफ्टवेअर करता, आमचा अर्ज तेवढा ऑनलाइन करून द्या.' मी एका रविवारी तो केला. नाव, पत्ता, गुण, घरचं उत्पन्न, बँक खातं. जन्मतारखेच्या रकान्यात एक छोटी तपासणी घातली. वय पंचविसाच्या वर निघालं की अर्ज पुढं सरकत नाही, खाली लाल अक्षरांत एक ओळ येते. सगळ्यांना काम पसंत पडलं. अर्जाच्या तळाशी 'अडचण आल्यास संपर्क' म्हणून माझाच नंबर टाकला.

या वर्षी त्या नंबरवर एका बाईचा फोन आला. 'भाईजान, फॉर्म अडकलाय. तीन वेळा भरला.' मला वाटलं, सर्व्हर बसला असेल. कोणता रकाना, विचारलं. जन्मतारखेचा. कोणतं साल टाकलंत? १९९३.

फॉर्म बिघडलेला नव्हता. मी सांगितलेलं काम तो सात वर्षं इमानानं करत होता.

तिची गोष्ट थोडक्यात सांगतो. २०११ साली बारावी विज्ञान, जीवशास्त्र घेऊन पास. त्याच वर्षी निकाह. दोन मुलं, नवरा टेम्पो चालवतो. गेली सहा वर्षं ती तालुक्याच्या एका दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. अवजारं उकळून निर्जंतुक करायची, साच्याचं मिश्रण कालवायचं, पेशंटच्या तोंडात सक्शनची नळी धरायची, नंबर लावायचे. घरी मुलं झोपल्यावर अभ्यास करून तिनं दुसऱ्या प्रयत्नात नीट काढली आणि राज्याच्या प्रवेशफेरीत एका खासगी कॉलेजात बीडीएसची जागा मिळवली. तिला ट्रस्टकडून पूर्ण फी नको होती. तिच्याकडं ओबीसीचं आणि नॉन-क्रीमी लेयरचं प्रमाणपत्र आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क माफ केलं आहे. त्यातून शुल्क सुटेल अशी तिला आशा आहे. (हा निर्णय तुमच्या बहिणीला, भाचीला माहीत आहे का, आजच विचारा. आमच्याकडं बागवान, तांबोळी, पिंजारी घरांत अजून जातीचे दाखलेच काढलेले नसतात.)

पण फी म्हणजे सगळा खर्च नव्हे. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला बरीच अवजारं स्वतः विकत घ्यावी लागतात. पहिल्या वर्षी मेणाचे दात कोरायची हत्यारं, पुढं सरावाचे कृत्रिम जबडे, हँडपीस. शिवाय पुस्तकं, एसटीचा पास, आणि तिचा बंद होणारा पगार. तिला हवी होती ती या वरखर्चाची मदत. असा खर्च सरकारच्या खिजगणतीत सहसा नसतो, आणि मोहल्ल्याच्या पैशाचा खरा उपयोग तिथंच असतो.

मी तिला नियम सांगितला. ती म्हणाली, 'नीटला तर वयाची अट नाही, भाईजान.'

बरोबर होतं तिचं. मी २५ हा आकडा आणला होता तो नीटवरूनच. त्या सुमाराला नीटला वरची मर्यादा होती, खुल्या वर्गाला २५ आणि राखीव वर्गाला ३०. त्यावर कोर्टात वाद चालले. मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं ती मर्यादाच काढून टाकायला सांगितलं. आता फक्त खालची अट आहे, प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ पूर्ण. मूळ नियम गेला आणि त्याची नक्कल आमच्या अर्जात तशीच राहिली.

हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. इथं स्वतःबद्दल थोडं सांगावं लागेल. दोन वर्षांपूर्वी, चौतिशीत, मीच दंतवैद्यक व्हायचं मनात घेतलं होतं. कंपनीत माणसं कमी करायची लाट आली होती, रात्री अकराच्या मीटिंगा चालल्या होत्या, आणि माझ्या दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना संध्याकाळी आठला बंद व्हायचा. सगळे नियम वाचून काढले. मी बारावीला गणित घेतलं होतं, जीवशास्त्र नव्हतं. त्यावरही वाट निघालेली होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयोगानं सांगितलं, की बारावीनंतर जीवशास्त्र हा जादा विषय म्हणून पास झालं तरी नीटला बसता येईल. नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे. चार वर्षं अभ्यासक्रम, एक वर्ष इंटर्नशिप. एक्सेलमध्ये तक्ता केला : बुडणारा पगार, घराचा हप्ता, पदवीनंतर दुसऱ्याच्या दवाखान्यात मिळणारं सुरुवातीचं मानधन. डॉक्टरांनी तो आकडा सांगितला तेव्हा मी दोनदा विचारून खात्री केली.

मग त्यांच्याच दवाखान्यात दोन शनिवार कोपऱ्यात बसून राहिलो. दुसऱ्या शनिवारी एक तरुण आला, माझ्याहून लहान. डॉक्टर म्हणाले, तीन बोटं उभी धरून तोंडात घाला. एकच गेलं. सुपारी आणि गुटख्यानं गालाची आतली कातडी ताठ होत जाते, तोंड उघडेनासं होतं, आणि पुढं त्याचा कॅन्सर होण्याचा धोका असतो. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तो कुठून घेतो, हे डॉक्टरांनी विचारलंसुद्धा नाही. मी त्याच्याकडं न बघता भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होतो. घरी जाताना कळलं, मला दातांची ओढ नव्हती, मला फक्त लॅपटॉप मिटायचा होता. तक्ता अजून आहे, 'नंतर बघू' नावाच्या फोल्डरमध्ये.

सांगायचा मुद्दा हा, की मधल्या वयात वाट बदलणाऱ्यांत दोन प्रकार असतात. एकाला आहे तिथून निघायचं असतं. दुसऱ्याला कुठं जायचंय ते माहीत असतं. मी पहिल्यातला. ही बाई सहा वर्षं त्या खुर्चीशेजारी उभी राहिली आहे. मशेरी लावणाऱ्या आपल्या खाला, फुफी पुरुष डॉक्टरसमोर तोंड उघडायला लाजतात आणि दुखणं लपवतात. त्या तिला बाजूला घेऊन सांगतात, हे तिनंच मला सांगितलं. अठराव्या वर्षी बीडीएस घेणाऱ्या किती जणांनी आधी दवाखाना आतून पाहिलेला असतो? बरेचजण एमबीबीएस हुकलं म्हणून आलेले असतात. त्यांना आमचा अर्ज एका मिनिटात आत घेतो.

मी हा विषय बुजुर्गांपुढं काढला. एक जण म्हणाले, 'बेटा, पैसा थोडा आहे. कोवळ्या पोरांना दिला तर चाळीस वर्षं कामाला येईल.' दुसरे म्हणाले, तिला दोन लेकरं आहेत, अर्ध्यात सोडेल. तिसरे म्हणाले, ती जागा एखाद्या अठरा वर्षांच्या पोरीची होती.

पहिलं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही, पैसा खरंच थोडा आहे. पण ती ३७ व्या वर्षी पदवीधर होईल आणि दंतवैद्यकाला निवृत्तीचं वय नसतं. पंचवीस वर्षं काम म्हणजे थोडं झालं का? दुसऱ्यावर मला राग आला. आम्ही मदत केलेल्या पहिल्या तुकडीतल्या दोन मुलांनी इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडलं, त्यांना लेकरं नव्हती. 'घरी मुलं कोण बघणार' हे आम्ही आजवर कुठल्या बापाला विचारलेलं नाही. जागेचं म्हणाल तर सरकारी कॉलेजात तो प्रश्न खरा आहे, तिथं एकेका गुणावर भांडण असतं, आणि माझ्यासारखा कमावता इंजिनिअर तिथं घुसला असता तर मलाही ते टोचलं असतं. खासगी बीडीएसची गोष्ट वेगळी. २०२०-२१ च्या वर्षी देशभर सुमारे ७ हजार जागा रिकाम्या होत्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाला पात्रतेचं पर्सेंटाइल १० नं उतरवायला सांगावं लागलं. जी खुर्ची रिकामी पडते तिच्यावरून कोणाला उठवल्याचा आरोप कसा करायचा?

एक चौथं वाक्यही आलं, चहा पिताना. 'दात उपटायला काय एवढी डॉक्टरकी?' त्यांना मी डॉ. रफिउद्दीन अहमद यांचं नाव सांगितलं. देशातलं पहिलं दंतवैद्यक कॉलेज त्यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात काढलं आणि त्याचा खर्च भागवायला सोडा फाउंटन चालवलं. शंभर वर्षांपूर्वी एक माणूस सरबत विकून दातांचे डॉक्टर तयार करत होता, आणि आपण जन्मतारीख बघतोय.

ट्रस्टचा बराचसा पैसा जकातीचा आहे. कुरआनात जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत, सूरह तौबा, आयत ६०. त्यात गरीब आहे, मिस्कीन आहे, कर्जात बुडालेला आहे, मुसाफिर आहे. वयाचा उल्लेख कुठंच नाही. आपल्या जलशांत इल्म कबरीपर्यंत घ्या म्हणून सांगतात. आपल्या अर्जावर ते पंचविशीला संपतं.

मला यामागची भीती कळते. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानुसार वीस वर्षांवरच्या मुसलमानांत पदवी वा पदविका असलेले ४ टक्क्यांहूनही कमी होते. जिथं इतक्या कमी हातांत पदवी आहे तिथं शिक्षण म्हणजे घराण्याचा एकच डाव असतो, तो योग्य वयात योग्य पोरावर लावायचा असतो. माझ्यावर लावला होता. अब्बांनी फळाच्या गाड्यावर उभं राहून माझी फी भरली आणि माझ्या आपाचं शिक्षण दहावीला थांबलं. ती आज ३९ वर्षांची आहे. वय योग्य होतं तेव्हा पैसा नव्हता, आता घरात पैसा आहे तर वय नाही म्हणतात. अशा आपा प्रत्येक गल्लीत आहेत, आणि ज्या ट्रस्टांना माझ्यासारखे त्यांचे भाऊ देणगी देतात त्यांच्या अर्जावर त्यांना जागा नाही.

तुमच्यापैकी कितीतरी जण आपल्या जमातीच्या, ट्रस्टच्या कागदपत्रांचं काम करता. अर्ज टाइप करता, वेबसाइट सांभाळता, व्हॉट्सअॅपवर जाहिरात टाकता. बुजुर्ग नियम तोंडी सांगतात, त्याचं लोखंडी फाटक आपण करतो. आपल्या अर्जावरची वयाची ओळ एकदा वाचून बघा. तिथं दुसरे प्रश्न ठेवता येतील. प्रवेश मिळाला आहे का, हे काम आधी जवळून पाहिलं आहे का, कमी पडणारी रक्कम नेमकी किती. हे प्रश्न अठरा वर्षांच्या मुलालाही विचारा. चौतिशीत मला कोणी विचारले असते तर तो तक्ता करायचे कष्ट वाचले असते.

बुजुर्गांनी निर्णय पुढच्या बैठकीवर टाकला. त्या रात्री मी लॅपटॉप उघडून जन्मतारखेची तपासणी काढून टाकली. कोणाला विचारलं नाही, हे बैठकीत कबूल करावं लागेल. अट अर्जावर छापलेली आहेच, पण अर्ज आता जातो. तिचा दुसऱ्या दिवशी सकाळी आला. त्यानंतर पंचविशीपुढचे आणखी चार आलेत, त्यांतले तीन बायकांचे. बैठक पुढच्या जुम्म्याच्या नमाजनंतर आहे.