घर मिळाले, कागद कधी करणार?

१४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या बीडीडी चाळीतील ५५६ कुटुंबांच्या हाती नव्या घरांच्या चाव्या आल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या काढलेली माणसे ५०० चौरस फुटांच्या घराची मालक झाली. त्यात आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत. आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु मालकी आली की वारसही आले, आणि वारसांबरोबर वाद आले. हे घर आपल्यानंतर कोणाचे, हा प्रश्न चावी घेताना किती जणांनी स्वतःला विचारला?

आपल्या समाजात मालमत्ता ही नवी वस्तू आहे. आजोबांकडे वतनाचा तुकडा होता, त्याचा सातबारा अनेक ठिकाणी आजही त्यांच्याच नावावर आहे. वडिलांनी गिरणीत, रेल्वेत, गोदीत आयुष्य घालवले. घर, ठेवी, विमा, भविष्य निर्वाह निधी ही या एक-दोन पिढ्यांची कमाई. कमवायला आपण शिकलो, पण त्याची कागदोपत्री व्यवस्था लावायला शिकलो नाही. मृत्युपत्राचा विषय काढला की घरात अशुभ बोलल्यासारखे वाटते. अनित्यता मानणाऱ्यांच्या घरात तरी असे वाटायला नको!

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. "आपण बौद्ध, आपल्याला हिंदू वारसा कायदा लागू नाही," असे अनेक सुशिक्षित बांधवही म्हणतात. हे चूक आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम २ मध्येच बौद्ध, जैन व शीख यांचा समावेश आहे. आपल्याला हे नाव आवडो वा न आवडो, मृत्युपत्र नसेल तर आपली मालमत्ता याच कायद्याने वाटली जाते.

हा कायदा वयाच्या प्रत्येक टप्प्यावर वेगळा परिणाम करतो. समजा, २५ वर्षांच्या अविवाहित मुलाला नुकतीच नोकरी लागली आणि अपघातात तो गेला. त्याची सर्व मालमत्ता एकट्या आईला मिळते. आई पहिल्या वर्गातील वारस आहे, वडील दुसऱ्या वर्गातील. अविवाहित मुलगी गेली तर मात्र आई आणि वडील दोघेही समान वारस असतात. किती घरांत हे माहीत आहे?

तरुणपणी बँकेत नॉमिनी म्हणून आईचे किंवा भावाचे नाव दिले जाते आणि ते तसेच राहते. पुढे लग्न होते, मुले होतात. भविष्य निर्वाह निधीच्या नियमांप्रमाणे लग्नानंतर नामनिर्देशन नव्याने करावे लागते, याची अनेकांना कल्पना नसते. शिवाय नॉमिनी म्हणजे मालक, हा दुसरा मोठा गैरसमज. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये विम्याच्या आणि डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीत स्पष्ट सांगितले की, नॉमिनी केवळ रक्कम स्वीकारतो, वारसांचा हक्क त्यामुळे जात नाही. विमा कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती होऊन आई-वडील, पती-पत्नी व मुले नॉमिनी असतील तर ती रक्कम त्यांचीच मानली जाते. पण बँकेतील ठेव आणि सोसायटीतील घर यांना ही सवलत नाही. तेथे नॉमिनीचे नाव असले तरी मृत्युपत्र लागतेच.

मुले लहान असताना मृत्युपत्राची गरज सर्वांत जास्त असते, आणि नेमके तेव्हाच ते कोणी करीत नाही. मृत्युपत्र नसेल तर पत्नी, प्रत्येक मूल आणि हयात असलेली आई यांना समान वाटा मिळतो. अज्ञान मुलाच्या नावावर आलेला घराचा वाटा विकायचा तर सख्ख्या आईलाही न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. आधीच दुःखात असलेल्या बाईने शाळेची फी भरायची की न्यायालयाचे उंबरठे झिजवायचे? पतीने दोन पानांचे मृत्युपत्र करून घर पत्नीच्या नावे ठेवले असते तर हा फेरा टळला असता.

मध्यम वयात दुसराच प्रश्न उभा राहतो. वडील जातात आणि भाऊ बहिणीसमोर हक्कसोडपत्र ठेवतात. माहेर तुटेल या भीतीने ती सही करते. "तुझा हक्क २००५ नंतर आला, तुला लागू नाही," असेही तिला सांगितले जाते. हे असत्य आहे. वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ पासून आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत तिला जन्माने हक्क दिला, आणि त्या दिवशी वडील हयात नसले तरी तो हक्क जात नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. बहीण स्वखुशीने हक्क सोडत असेल तर तो तिचा निर्णय. पण तो समजून-उमजून असला पाहिजे, भावाच्या दारात उभे राहण्याची किंमत म्हणून नव्हे.

उतारवयातील चूक वेगळी असते. सेवा करील या आशेने म्हातारे आई-वडील मुलाला घराचे बक्षीसपत्र करून देतात. महाराष्ट्रात राहते घर मुला-मुलीला बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, म्हणून हा मार्ग सोपा वाटतो. परंतु बक्षीसपत्र नोंदले की घर त्याच दिवशी मुलाचे होते. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे ते रद्द करून घेता येते, पण सांभाळ करण्याची अट दस्तात स्पष्ट लिहिलेली असेल तर काम सोपे होते. मृत्युपत्राचे तसे नाही. ते मरेपर्यंत कितीही वेळा बदलता येते आणि तोवर घर आपलेच राहते.

सर्वांत मोठा अन्याय निपुत्रिक विधवेवर होतो. तिच्या स्वतःच्या कमाईवरही, तिच्या मृत्यूनंतर, पहिला हक्क पतीच्या वारसांचा असतो. लग्नानंतर तीन महिन्यांत पती गेला म्हणून सासरने हाकललेल्या, माहेरी शिकून नोकरी केलेल्या एका स्त्रीची सारी पुंजी तिच्या आईला न मिळता नणंदेच्या मुलांना मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये कायद्याच्या अक्षरावर बोट ठेवून हा निर्णय दिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने स्त्रियांना मृत्युपत्र करण्याचे आवाहन केले. आपल्या शिक्षिका, परिचारिका, अंगणवाडी सेविका भगिनींनी ते मनावर घ्यावे.

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. साधा कागद चालतो. आपली सही किंवा अंगठा, आणि तो पाहणाऱ्या दोन साक्षीदारांच्या आपल्यासमोर केलेल्या सह्या हव्यात. साक्षीदार आपल्याहून तरुण असावेत आणि त्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार नसावे. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे ती करून घ्यावी. वय झालेले असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडावा. लग्न, अपत्य, घरखरेदी, निवृत्ती, जोडीदाराचा मृत्यू या प्रत्येक प्रसंगी तो कागद पुन्हा वाचावा. विहाराला जमीन द्यायची असेल तर सभेत तोंडी घोषणा पुरेशी नाही. जमिनीचे दान नोंदणीकृत दस्तानेच होते, नाहीतर पुढची पिढी विहारावरच दावा लावते.

शेवटी एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. स्वतःच्या कमाईचे मृत्युपत्र करताना मुलीला पूर्ण वगळता येते आणि कायदा त्याला आडकाठी करीत नाही. म्हणून मुलींना डावलण्यासाठीच मृत्युपत्रे करून घेणारेही आपल्यात आहेत. हिंदू कोड बिल बाजूला ठेवले गेले, त्यात स्त्रियांचा वारसाहक्क होता. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला, त्यामागे हे एक प्रमुख कारण होते. त्यांची तसबीर भिंतीवर लावून त्याच घराचा वाटा मुलीला नाकारणाऱ्याने जयभीम कोणत्या तोंडाने म्हणावे? मृत्युपत्र जरूर करा, लवकर करा. आणि त्यात लेकीचे नाव लिहा.