उतरत्या वयातलं नैराश्य: वेगळा आजार की वेगळी वेळ?

पन्नाशीच्या आसपासची बाई. एका जागी बसत नाही, हात चोळत येरझारा घालते. झोप उडालेली. आपल्या हातून घोर पाप घडलंय, आतडी सडलीत, घरादाराचं वाटोळं होणार, हेच घोकत राहते. पूर्वी मानसिक आजार झाल्याची नोंद नाही. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १८९६ साली अशा रुग्णांसाठी 'इन्व्होल्यूशनल मेलँकोलिया' हे स्वतंत्र निदान मांडलं. पुरुषांनाही ते लावलं जाई, पण चिकटलं ते मुख्यतः पाळी जाण्याच्या वयाला.

क्रेपेलिन यांच्याच जुन्या रुग्णांचा ड्रायफस या डॉक्टरांनी पुढे माग काढला, तर बरेचजण बरे झालेले निघाले. कित्येकांना आधीही नैराश्याचे झटके येऊन गेले होते. हा वेगळा आजार आहे, हे आपलं मत क्रेपेलिन यांनी मोठ्या मनाने बदललं. तरीही अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या १९६८च्या निदानपुस्तिकेत ते नाव होतंच. १९७९मध्ये संशोधक मिर्ना वाइसमन यांनी या वयातल्या स्त्रियांच्या नैराश्याची लक्षणं वेगळी नसतात असं दाखवलं आणि १९८०च्या आवृत्तीतून ते वगळलं गेलं.

माझ्या मते हे योग्यच झालं. वयावर बोट ठेवलं की नवरा गेलेला, नोकरी सुटलेली, सासू अंथरुणाला खिळलेली, हे कोणी विचारतच नाही. 'पाळी जायचं वय आहे, होतं असं' म्हणून आपल्याकडेही किती बायकांना गप्प बसवलं जातं!

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पाळी जाण्याआधीच्या अनियमित वर्षांत नैराश्याचा धोका वाढतो, हे अमेरिकेतल्या 'स्वान' या दीर्घ अभ्यासात दिसलं; पूर्वी नैराश्य येऊन गेलेल्यांना तो अधिक. शिवाय ती येरझारा घालणारी, भ्रमांनी पछाडलेली अवस्था खोटी नव्हती. १९३८ साली रोममध्ये सुरू झालेल्या, मेंदूला विजेचा झटका देण्याच्या विद्युत उपचाराने असे रुग्ण बरे होऊ लागले. आजही अशा तीव्र, भ्रमयुक्त नैराश्यात तो उपचार फार गुणकारी ठरतो, आणि भूल देऊन केला जातो. केवळ धास्तीपोटी तो लांबवणं रुग्णाच्या जिवावर बेतू शकतं.

तेव्हा जुनं नाव परत नको. मात्र या वयाची स्त्री उदास होऊन आली, तर डॉक्टरांनी पाळीबद्दल, पूर्वीच्या नैराश्याबद्दल विचारावं, थायरॉइड तपासावं आणि आत्महत्येचे विचार येतात का, हेही स्पष्ट विचारावं. घरच्यांसमोर नव्हे, एकटीला.