ग्रंथालयाच्या दारांतील सिंह

गेल्या वर्षीं एक पालक मजकडे आले आणि म्हणाले, "मास्तर, आमच्या मुलाला मातीकामाच्या तासांतून मोकळें करा. त्याला पुस्तकें वाचून मोठें व्हायचें आहे. कुंभार व्हायचें नाहीं." त्या वेळीं मला समर्पक उत्तर सुचलें नाहीं, मीं त्यांचें ऐकलें. तें उत्तर आज येथें देत आहें.

न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाची भव्य इमारत १९११ सालीं लोकांस खुली झाली. तिच्या पायऱ्यांच्या दोहों बाजूंस दोन संगमरवरी सिंह बसलेले आहेत. त्यांचे नमुने ज्या मूर्तिकारानें घडविले, त्याचें नांव एडवर्ड क्लार्क पॉटर. पॉटर म्हणजे मराठींत कुंभारच! त्या नमुन्यांवरून टेनेसी प्रांतांतील गुलाबी छटेचा दगड कोरून काढला तो पिचिरिली बंधूंनीं. हे सहा भाऊ मूळचे इटलींतील. वॉशिंग्टन येथील अब्राहम लिंकनच्या स्मारकांतील प्रचंड मूर्ति डॅनियल चेस्टर फ्रेंच यानें योजिली. पण तिचा दगडही ह्याच भावांच्या हातांखालून गेला.

सिंह जागीं बसले, तेव्हां लोकांनीं त्यांची यथेच्छ टवाळी केली. पुढें १९३० नंतरच्या मंदीच्या दिवसांत महापौर ला गार्डिया यांनीं त्यांस 'सबुरी' आणि 'धैर्य' अशा अर्थाचीं नांवें दिलीं. कारण त्या कठीण काळीं नगरवासीयांस ह्याच गुणांची गरज होती. हींच नांवें आजतागायत चालत आलीं आहेत. मला वाटतें, हे गुण त्या दगडांत आधींपासूनच होते. छिन्नीचा एक घाव चुकला तर तो परत घेतां येत नाहीं, हें जाणून जे हात महिनोन्महिने चालले, त्यांनींच ते तेथें ठेविले.

पालकहो, जेथें लाखो ग्रंथ आहेत, त्या मंदिराच्या दारांत हाताच्या कामाला मानाची जागा मिळाली आहे. विद्या आणि कारागिरी यांत वैर नाहीं. प्रत्येक मुलानें मूर्तिकार व्हावें, असें माझें म्हणणें नाहीं. परंतु ज्यानें मातीचा हत्ती तीनदां मोडून चौथ्यांदा उभा केला, तो सबुरीचा जो धडा शिकला, तो मला फळ्यावर लिहून शिकवितां आला नसता.

तो मुलगा हल्लीं त्या तासाला खिडकीशीं पुस्तक उघडून बसतो. दृष्टि मात्र इतरांच्या हातांतील मातीकडे असते. त्याच्या वडिलांस माझी नम्र विनंति आहे, कीं त्याला पुन्हा त्या तासाला पाठवावें. पुस्तक त्याचें त्याची वाट पाहील. मातीला हात लावण्याचें वय मात्र वाट पाहत नाहीं.