काकतालीय इतिहास

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, ही म्हण ज्या भाषेत पिढ्यान् पिढ्या बोलली जाते, त्या भाषेच्या वाचकांस योगायोगाचे स्वरूप निराळे समजावून सांगण्याची वस्तुतः गरज पडू नये. संस्कृत पंडितांनी तर ह्या एका गोष्टीसाठी दोन न्याय सांगून ठेवले आहेत. ताडावर कावळा बसावा आणि त्याच क्षणी फळ गळून पडावे, हा काकतालीय न्याय; लाकूड पोखरता पोखरता किड्याच्या हातून सहज एखादे अक्षर उमटावे, हा घुणाक्षर न्याय. कावळ्याने फळ पाडले असे समजू नये आणि किड्यास लिहिता येते असेही मानू नये, हा त्या दोहोंचा अभिप्राय आहे. असे असताना आमच्या सुशिक्षित घरांतून आज इतिहास म्हणून जे काही चवीने वाचले जाते, त्यातला बराच मोठा भाग ह्या कावळ्याच्या आणि किड्याच्या पराक्रमांनी भरलेला असावा, ही खेदाची गोष्ट आहे.

वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या, सामान्यज्ञानाची पुस्तके आणि हल्ली हातातल्या दूरध्वनीवर सकाळ-संध्याकाळ येऊन पडणारे निरोप ह्यांतून 'विलक्षण योगायोग' ह्या मथळ्याखाली जी माहिती पसरते, ती निरुपद्रवी करमणूक आहे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. आमचे मत ह्याच्या उलट आहे. ज्या ठिकाणी विचारास प्रारंभ व्हावयाचा, नेमके त्याच ठिकाणी तो थांबविण्याचे काम ही करमणूक करते. आणि घडलेल्या गोष्टीची जबाबदारी माणसांच्या अंगावरून काढून नियतीच्या अंगावर टाकण्याची सवय ती वाचकास लावते. हे आम्ही नुसते म्हणत नाही. प्रसिद्ध उदाहरणे घेऊनच दाखवितो.

ह्या वाङ्मयातला मुकुटमणी म्हणजे अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन आणि जॉन केनेडी ह्यांच्या साम्यांची यादी. केनेडींची हत्या १९६३ साली झाली आणि पुढल्याच वर्षापासून ही यादी फिरू लागली. लिंकन १८४६ मध्ये लोकप्रतिनिधी म्हणून निवडून आले, केनेडी १९४६ मध्ये. अध्यक्षपदी निवड एकाची १८६० त, दुसऱ्याची १९६० त. दोघांवरही शुक्रवारीच गोळी झाडली गेली. दोघांच्याही मागून जॉन्सन नावाचा गृहस्थ अध्यक्ष झाला. एक जॉन्सन १८०८ सालचा, दुसरा १९०८ चा. एवढा भाग खरा आहे. परंतु यादी एवढ्यावर तृप्त होत नाही. लिंकन ह्यांच्या चिटणिसाचे नाव केनेडी होते, असे ती पुढे ठोकून देते. लिंकन ह्यांचे चिटणीस निकोले आणि हे. केनेडी नावाच्या चिटणिसाचा कागदोपत्री कोठेही पत्ता नाही. लिंकनचा मारेकरी बूथ १८३९ त जन्मला आणि केनेडींचा मारेकरी ऑस्वाल्ड १९३९ त, असेही ती सांगते. प्रत्यक्षात बूथचा जन्म १८३८ चा आहे. एकाने नाट्यगृहात गोळी झाडून कोठाराचा आश्रय घेतला आणि दुसऱ्याने कोठारातून गोळी झाडून चित्रपटगृहाचा, हे वाक्य ऐकावयास मोठे गोड लागते. पण बूथ सापडला तो बारा दिवसांनी, एका शेतावरच्या तंबाखूच्या खोपटात. साम्यासाठी त्या खोपटाचे कोठार करावे लागले.

बरे, खऱ्या साम्यांचे तरी मोल किती? अमेरिकेत लोकप्रतिनिधींची निवडणूक दर दोन वर्षांनी आणि अध्यक्षाची दर चार वर्षांनी होते; तेव्हा शंभर वर्षांचे अंतर पडणे ही वाटते तितकी दुर्मिळ गोष्ट नव्हे. दोघांच्या आडनावांत इंग्रजी सात सात अक्षरे आहेत, हे यादी मोजून दाखविते. पण अब्राहम ह्या नावात सात अक्षरे आणि जॉन ह्या नावात चार, हे मात्र ती मोजीत नाही. एक केंटकीमधल्या लाकडी खोपटात जन्मला, दुसरा मॅसॅच्युसेट्समधल्या श्रीमंताच्या घरी. एकाची दुसरी कारकीर्द नुकतीच सुरू झाली होती, दुसऱ्याची पहिलीही पुरी झाली नव्हती. एकाचे वय ५६, दुसऱ्याचे ४६. ही सारी वैषम्ये यादीच्या बाहेर राहतात. जमले तेवढे पदरात घ्यावयाचे आणि न जमलेले दाराबाहेर ठेवावयाचे, ही रीत असल्यावर जगातल्या कोणत्याही दोन माणसांची पत्रिका जुळविता येईल. हे केवळ आमचे अनुमान नव्हे. १९९२ साली अमेरिकेतील 'स्केप्टिकल इन्क्वायरर' ह्या नियतकालिकाने अशाच याद्यांची स्पर्धा जाहीर केली, तेव्हा एका स्पर्धकाने केनेडी आणि मेक्सिकोचे अल्वारो ओब्रेगॉन ह्यांच्यात सोळा साम्ये काढून दाखविली!

ज्यांस गणिताची भीती नाही त्यांच्यासाठी आणखी एक दाखला देतो. तेवीस माणसे एका दिवाणखान्यात बसली असता त्यांतील कोणा दोघांचा वाढदिवस एकाच तारखेस असण्याचा संभव निम्म्याहून किंचित अधिक असतो. हे ऐकून पुष्कळांस नवल वाटते, कारण ते प्रत्येक जण आपल्या एकट्याच्या वाढदिवसाशी ताडून पाहतात. पण तेवीस माणसांतून २५३ जोड्या होतात, हे कोणी ध्यानात घेत नाही. पोक आणि हार्डिंग हे दोन अमेरिकन अध्यक्ष २ नोव्हेंबर ह्याच तारखेस जन्मले, ह्यात अद्भुत ते काय? इतक्या अध्यक्षांत अशी एकही जोडी निघाली नसती, तरच आम्ही अधिक चकित झालो असतो.

आता जेथे योगायोग दिसतो पण मुळातच नाही, अशी दोन उदाहरणे पाहा. शेक्सपिअर आणि सर्व्हान्टिस हे दोन महाकवी-महालेखक २३ एप्रिल १६१६ ह्या एकाच दिवशी निवर्तले, असे आमच्या विद्यार्थ्यांस वर्षानुवर्षे ऐकविण्यात येते. युनेस्कोने १९९५ मध्ये जागतिक पुस्तकदिनासाठी जी तारीख मुक्रर केली, तीही हीच. परंतु स्पेनने ग्रेगरी पोपची नवी कालगणना १५८२ सालीच स्वीकारली होती, आणि इंग्लंडने ती १७५२ पर्यंत स्वीकारली नाही. त्यामुळे इंग्लंडातली २३ एप्रिल म्हणजे स्पेनमधली ३ मे होय. आणि सर्व्हान्टिसचे देहावसान बहुधा २२ लाच झाले असून २३ ही त्याच्या दफनाची नोंद आहे. तारीख एक, दिवस निराळे! तीच गोष्ट गॅलिलिओ आणि न्यूटन ह्यांची. गॅलिलिओ गेला त्याच १६४२ साली न्यूटन जन्मला, असे सांगून जणू काय एका देहातून निघालेला आत्मा दुसऱ्यात शिरला अशी वाक्ये लिहिली जातात. गॅलिलिओचा मृत्यू नव्या गणनेप्रमाणे ८ जानेवारी १६४२ चा. न्यूटनचा जन्म जुन्या गणनेप्रमाणे २५ डिसेंबर १६४२ चा. दोन्ही घटना नव्या गणनेत मांडल्या, तर न्यूटन १६४३ च्या जानेवारीत जन्मतो. दोन्ही जुन्या गणनेत मांडल्या, तर गॅलिलिओ १६४१ च्या डिसेंबरातच जातो. कोणत्याही एका पंचांगाने ते साल जुळत नाही. आमचे म्हणणे असे की, धर्मभेदामुळे युरोपातली दोन राष्ट्रे पावणेदोनशे वर्षे दहा-अकरा दिवसांच्या अंतराने जगत होती, ही हकीकत त्या खोट्या योगायोगाहून शतपटीने नवलाची आहे. पण योगायोगाने दिपलेला वाचक तिच्यापर्यंत पोहोचतच नाही.

येथपर्यंत झालेली हानी केवळ ज्ञानाची आहे. पुढील हानी त्याहून गंभीर आहे. 'टायटन' नावाची प्रचंड आगबोट एप्रिल महिन्यात उत्तर अटलांटिक समुद्रात हिमनगावर आदळून बुडते आणि बचावाच्या होड्या अपुऱ्या असल्याने बहुतेक उतारू प्राणास मुकतात, अशी कथा मॉर्गन रॉबर्टसन ह्या लेखकाने १८९८ त प्रसिद्ध केली. चौदा वर्षांनी 'टायटॅनिक' तशीच बुडाली. झाले! लेखकास दिव्यदृष्टी होती, विधिलिखित टळत नाही, असे म्हणावयास लोक मोकळे झाले. रॉबर्टसन हा स्वतः अनेक वर्षे गलबतांवर काम केलेला खलाशी होता. बोटी दिवसेंदिवस मोठ्या होत आहेत, वेग वाढत आहे, आणि होड्या मात्र वाढत नाहीत, हे त्यास दिसत होते. दिव्यदृष्टी नव्हे, साधी दृष्टीच त्याला होती. ब्रिटिश बोर्ड ऑफ ट्रेडचे होड्यांविषयीचे नियम १८९४ चे. दहा हजार टनांच्या वरच्या सर्व बोटींस त्यांनी सरसकट सोळा होड्या पुरेशा मानल्या होत्या. टायटॅनिक सेहेचाळीस हजार टनांची होती. तिच्यावर वीस होड्या होत्या, म्हणजे नियमाहून चार अधिकच. त्यांत माणसे मावत १,१७८, आणि बोटीवर होती सुमारे २,२००. हिमनगांचे इशारे बिनतारी यंत्राने येत होते, तरी वेग कमी झाला नाही. सुमारे दीड हजार माणसे गेली, ती नियतीने नव्हे, एका शिळ्या नियमाने आणि माणसांच्या बेफिकिरीने गेली. हे ज्यांस कळले, त्यांनी १९१४ त लंडनला परिषद भरवून सर्वांस पुरतील इतक्या होड्यांचा नियम केला. विधिलिखित म्हणून ते स्वस्थ बसले असते, तर पुढच्या बोटींवरही सोळाच होड्या राहिल्या असत्या.

कोणी म्हणेल, खोटे आणि ताणलेले योगायोग सोडा. पण जे निखालस खरे आहेत त्यांचे काय? ते आम्ही नाकारीत नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारे जेफर्सन आणि त्यांचे सहकारी अॅडम्स हे दोघेही त्या जाहीरनाम्याच्या बरोबर पन्नासाव्या वाढदिवशी, ४ जुलै १८२६ रोजी, वारले. आणि पाच वर्षांनी त्याच तारखेस मन्रोही वारले. ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. पण तिचा उपयोग काय झाला तो पाहा. अॅडम्स ह्यांच्या अध्यक्ष असलेल्या चिरंजीवांसह थोरामोठ्यांनी त्यात राष्ट्रावरच्या ईश्वरी कृपेचा प्रत्यक्ष पुरावा पाहिला. सर्व मनुष्ये समान आहेत असे लिहिणाऱ्या त्याच जेफर्सन ह्यांचे कर्ज फेडण्यासाठी १८२७ च्या जानेवारीत त्यांच्या राहत्या वाड्यावर जो लिलाव झाला, त्याच्या जाहिरातीत १३० गुलाम विक्रीस मांडले होते. आकाशातली कृपा सर्वांस दिसली. अंगणातला लिलाव योगायोगाच्या यादीत आजही नाही. १८६१ त ते राष्ट्र ह्याच प्रश्नावरून यादवीत बुडाले. लिंकन-केनेडींच्या यादीतही हाच प्रकार आहे. दोन जॉन्सन म्हणून ती टाळी वाजविते. पण पहिल्या जॉन्सनने १८६६ चा नागरी हक्कांचा कायदा नामंजूर करून परत धाडला, आणि दुसऱ्याने १९६४ चा तसा कायदा सही करून अमलात आणला, हे ती सांगत नाही. नाव एक आणि करणी नेमकी उलटी. त्या शंभर वर्षांचा खरा इतिहास ह्या भेदात आहे, नावात नाही.

आपल्याकडेही हा मोह आहेच. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईस लोकमान्य टिळक निवर्तले आणि त्याच दिवशी वाटेगावास अण्णाभाऊ साठे जन्मले. व्यासपीठावरून ह्या जुळणीचे अलंकार पुष्कळ होतात, आणि स्मरणासाठी तारीख सोयीची आहे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु त्या दिवशी महाराष्ट्रात इतरही किती बाळे जन्मली असतील! 'फकिरा' त्या तारखेने लिहिली नाही. ती लिहिणारा माणूस गावकुसाबाहेरच्या दारिद्र्यातून, मुंबईच्या गिरणगावातून, कामगार चळवळीतून आणि लोकनाट्याच्या फडांतून घडला. त्याची ही कमाई तारखेच्या खात्यावर जमा करणे, हा त्याचा गौरव नव्हे.

विस्मय ही ज्ञानाची जननी, असा ह्यावर आक्षेप येईल; आणि मुलांस इतिहासाची गोडी तरी लागते, असेही म्हटले जाईल. विस्मय ही जननी आहे खरी. पण तिच्या पोटी प्रश्न जन्मला तरच. हे कसे घडले, ह्याचा पुरावा कोणता, ह्यात काय गाळले आहे, असे मुलाने विचारले तर तो विस्मय सफल झाला. ते न विचारता त्याने पुढची गंमत मागितली, तर त्याला गोडी लागली ती इतिहासाची नव्हे. मिठाईने पोट भरलेल्या मुलास जेवणाची रुची लागली, असे कोणतीही आई म्हणणार नाही.

म्हणून संपादकांस, शिक्षकांस आणि विशेषतः आईबापांस आमचे सांगणे एवढेच आहे. असली यादी घरात आली तर ती फाडून टाकू नका. मुलांना जवळ घेऊन ती एकेक कलमाने तपासा. कोणते कलम खरे, कोणते बनविलेले, आणि खऱ्यांच्या आड काय लपले, हे त्यांना कोश आणि पंचांग उघडून शोधू द्या. एका संध्याकाळचे हे काम आहे. फांदी का मोडली हे कळावयाचे असेल तर कावळ्याकडे पाहून भागत नाही. फांदीला कीड लागली होती काय, हेच पाहावे लागते.